भुवयांच्या वरचा भाग

चेअरमनचा फोटो मीच केला होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी उकरून काढायला नको.

इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात माझा स्टुडिओ आहे आणि दुसऱ्या मजल्यावर घर. पासपोर्टचे फोटो काढतो, बुरशी लागलेले, उंदरांनी कुरतडलेले जुने फोटो दुरुस्त करतो, लग्नाच्या फोटोतून भांडण झालेले नातेवाईक पुसून देतो. तेवीस वर्षांत हजारो चेहरे धुतले असतील. एकाही माईच्या लालानं मला सांगितलं नाही की बाबा, मी आहे तसा दाखव. सगळ्यांना आरसा खोटा वाटतो आणि मी खरा.

चेअरमन आले तेव्हा म्हणाले, "फार काही करू नका. थोडं ताजंतवानं."

ताजंतवानं म्हणजे डोळ्यांखालच्या पिशव्या काढा. काढल्या. हनुवटी एकच ठेवा. ठेवली. रंग दोन पायऱ्या वर न्या. नेला. मग त्यांनी छताकडे बघत, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं सांगितलं, "आणि वरती जरा भरीव वाटलं तर बरं."

पंचविसाव्या वर्षापासून त्यांच्या डोक्यावर केस नाही. आता साठी उलटली. माझ्याकडे एका नवरदेवाचा फोटो पडून होता, त्याचे केस उचलून मी यांच्या डोक्यावर बसवले. त्या नवरदेवाचा पुढे घटस्फोट झाला, पण केस दाट होते. सावल्या जुळवल्या, कडा मऊ केल्या. काम म्हणून पाहाल तर नाव ठेवायला जागा नाही.

कमिटीची निवडणूक महिन्यावर आली होती. तीन फुटी बोर्ड झाला, खाली 'आपले चेअरमन' अशी अक्षरं. मी म्हटलं, वरून प्लास्टिकचा थर मारून घ्या, नाहीतर ओल्या फडक्यानंसुद्धा शाई निघेल. ते म्हणाले, माझ्या फोटोला ओलं फडकं कशाला लावेल कोण? बोर्ड लिफ्टशेजारी लागला. एकोणतीस बिऱ्हाडं रोज त्याच्यासमोरून जायची आणि त्याच माणसाला टकलासकट जिन्यात भेटायची. एकजणही काही बोलला नाही. सभेत पाण्याच्या टाकीवरून एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत जाणारी माणसं, पण या केसांबद्दल चकार शब्द नाही. मीही त्यांतलाच.

नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, बोर्डावर भुवयांच्या वर काही उरलं नव्हतं. केस गेले, कपाळ गेलं, पांढरा खडबडीत पुठ्ठा दिसायला लागला. खाली डोळे, नाक आणि ते हसू तसंच. अर्धवट सोललेल्या उकडलेल्या अंड्यानं तुमच्याकडे बघून हसावं, तसं ते दिसत होतं.

"ही विटंबना आहे," चेअरमन म्हणाले. "यामागे मोठा हात आहे."

सेक्रेटरीनं लगेच नोटीस काढली. त्याला इमारतीत परिपत्रक म्हणतात, कारण जिन्यात मांजर व्यालं तरी तो त्याचं परिपत्रक काढतो. मग दोघांनी कॅमेरा बघितला.

आता त्या कॅमेऱ्याबद्दल. बाजारातला सगळ्यांत स्वस्त कॅमेरा घ्यायचा, तो दाराकडे तोंड करून लावायचा म्हणजे समोरून ऊन येऊन प्रत्येक माणूस काळा दिसेल, लॉबीतला दिवा बिल वाचवायला बंद ठेवायचा, कोळ्याला त्याच्यावर संसार थाटू द्यायचा, आणि मग म्हणायचं की आमच्याकडे पुरावा आहे. त्या पुराव्यात दोन वाजून सदतीस मिनिटांनी मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे ठिपके होते आणि त्यांत एक काळा डाग. डागाच्या हातात काहीतरी लांब. खाली पाय फाकलेले.

"काठी आहे," परिपत्रक म्हणाला. "काठी कोणाकडे असते?"

काठी मामांकडे असते. मामा आमचे वॉचमन, सोळा वर्षं इथे. जिन्यामागच्या खोलीत ते आणि मामी राहतात. मामी इमारतीचे कपडे इस्त्री करतात. दोन दिवसांपूर्वीच मामांनी खोलीतला पंखा दुरुस्त करून मागितला होता आणि चेअरमनशी त्यांची बोलाचाली झाली होती. मंगळवारी अडीच ते तीन ते खुर्चीवर नव्हते. रोजच्यासारखे गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला गेले होते, पण टाकी काही साक्ष देत नाही. संध्याकाळपर्यंत मामांच्या हातात कागद पडला: रविवारच्या सभेत समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा नोकरी संपली असं समजून खोली रिकामी करावी.

मामा तो कागद घेऊन माझ्याकडे आले. काउंटरवर माझी बायको होती. तिनं तो वाचला आणि 'समाधानकारक' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "कोणाचं समाधान?"

"भाऊ," मामा मला म्हणाले, "तुमच्याकडे चेहरे धुवायचं मशिन आहे. त्या पिक्चरमधला माणूस धुऊन द्या. मी असलो तर मी जातो."

"मामा, तुम्ही नाही ना?"

"मी असतो तर पूर्ण पुसला असता. अर्धं काम मी करत नाही."

मी चेअरमनकडे जाऊन रेकॉर्डिंग मागितलं. त्यांनी आनंदानं दिलं.

"चेहरा काढा त्याचा. स्पष्ट."

"चेहरा आत असेल तर बाहेर काढता येतो," मी म्हटलं. "इथे नाकापासून कानापर्यंत सगळे मिळून बारा ठिपके आहेत."

"सिरियलमध्ये तर मोटारीच्या आरशातून काढतात."

"सिरियलमध्ये मेलेला माणूसही परत येतो."

त्यांनी ते कानाआड केलं आणि आवाज खाली आणला. "आणि हे बघा, आईच्या कानावर जाता कामा नये. लेकराचं असं तोंड खरवडलंय कळलं तर ती जागेवर जाईल. मी तिला लिफ्ट बिघडलीय म्हणून सांगितलंय. म्हणजे ती खाली येणारच नाही."

बुधवारी आणि गुरुवारी मी दुकानातली बाकीची कामं बाजूला टाकून तो डाग धुवायला बसलो. हे काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं एक बटण दाबलं की झालं. आधी उजेडाची वाटणी बदलायची. दारातून येणारं ऊन सगळा पांढरा रंग खाऊन बसलं होतं आणि आतल्या माणसाला सगळा काळा उरला होता. त्या काळ्याला ताणायचं, म्हणजे काळ्यातले वेगवेगळे काळे सुटे होतात. ते सुटे झाले, पण त्यांच्याबरोबर ठिपकेही दुप्पट झाले. स्वस्त कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नाही, पण ते कबूल न करता तो मनाचे ठिपके भरतो. आपल्या कमिटीसारखाच.

ठिपके काढायला सोपी वाट म्हणजे सगळं पुसट करायचं. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घ्यायची, चित्र गुळगुळीत होतं, आणि त्यात जे शोधायचं तेही गुळगुळीत होऊन जातं. मी दुसरी वाट धरली. तो डाग बोर्डासमोर जवळजवळ चार मिनिटं उभा होता. कॅमेरा सेकंदाला आठ चित्रं घेतो. म्हणजे अठराशेच्या वर चित्रं झाली. ती सगळी एकावर एक ठेवली आणि त्यांची सरासरी काढली. ठिपका प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतो, त्यामुळे एकमेकांना मारून ते मरतात. जे खरोखर तिथे आहे ते दर वेळी त्याच जागी असतं, ते वर येतं.

अट एकच. ते हललं नाही पाहिजे. जे हलतं त्याचा धूर होतो.

डाग हलत होता, घासत होता, म्हणून त्याचा धूर झाला. डोकं धूर, हात धूर, ती लांब वस्तू म्हणजे धुराचा पंखा. मी शिवी दिली. मग खाली बघितलं. ज्याला आम्ही फाकलेले पाय समजत होतो ते तसूभर हललं नव्हतं. चार नळ्या. वर आडवी दांडी. दांडीला अडकवलेली पिशवी. चार मिनिटं ढिम्म उभं असल्यामुळे ते इतकं लख्ख आलं होतं की नळीच्या तळाची रबरी बुचंही मोजता येत होती.

वॉकर. इमारतीत वॉकर एकच. चेअरमनच्या आईचा.

आजी शहाऐंशी वर्षांच्या. रोज दुपारी सून कामावर आणि मुलगा झोपलेला असताना लिफ्टनं खाली यायच्या आणि लॉबीत दहा फेऱ्या मारायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. पण लिफ्टशेजारी पत्रपेट्या आहेत हेही सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पत्रपेटीवर कोणी संशय घेतो का?

मी बायकोला हाक मारून स्क्रीन दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला.

"आजी?"

"रविवारी सगळ्यांसमोर लावतो हे. मोठा करून. चेअरमनचं तोंड बघायचंय मला."

"लाव की," ती म्हणाली. "शहाऐंशी वर्षांच्या बाईला एकोणतीस बिऱ्हाडांसमोर उभी कर. शूर आहेस."

ती मला एरवी अहोजाहो करते. अरेतुरेवर आली की मी गप्प बसतो.

"मग मामांना जाऊ देऊ?"

"मी असं म्हटलं का? आधी आजींना जाऊन विचार. त्यांनी का घासलं ते तुझ्या मशिनला माहीत नाही."

शुक्रवारी दुपारी चेअरमन झोपायच्या वेळेला मी वर चौथ्या मजल्यावर त्यांच्या घरी गेलो. दार आजींनीच उघडलं. वॉकर पुढे, पिशवी वॉकरला.

"ये रे फोटोवाल्या. लिफ्ट झाली का नीट?"

"आजी, एक विचारायचं होतं. मंगळवारी तुम्ही खाली..."

त्यांनी मागे वळून मुलाच्या खोलीकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"तू बघितलंस होय? कोणाला बोलू नकोस. याला तर मुळीच नको, जिवाला लावून घेईल."

"काय बोलू नको?"

"अरे, कोणी मेल्यानं माझ्या पोराच्या डोक्याला काळं फासलं होतं. ऑपरेशनआधी मला धुरकट दिसायचं. मोतीबिंदू काढला, डॉक्टरनं पट्टी सोडली आणि आता भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते. त्यानंतर मंगळवारी पहिल्यांदा खाली गेले. बघते तर हा फोटो. आणि वर सगळं काळं, इथपासून इथपर्यंत. येणारेजाणारे बघत असतील, हसत असतील, आणि एकाच्याही मनात आलं नाही पुसावं. मी वर आले, न्हाणीघरातला लांब दांड्याचा ब्रश घेतला, साबण पिशवीत टाकला आणि परत गेले. निघतच नव्हतं मेलं. मग निघायला लागलं तर जास्तच निघालं."

मी ओट्याला टेकलो. तेवीस वर्षांत माझ्या कामाला इतकं खरं प्रशस्तिपत्रक कोणी दिलं नव्हतं. सख्ख्या आईला, नव्या डोळ्यांनी, मी बसवलेले केस केस वाटले नाहीत. काळं फासलेलं वाटलं.

"आजी, ते काळं नव्हतं. केस होते. मी बसवले होते."

"केस? याला?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"याला पाळण्यात नव्हते रे. बाराव्या दिवशी माझी नणंद म्हणाली होती, वहिनी, नारळ झालाय तुम्हाला." त्या हसायला लागल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडाला पदर लावून. मग थांबल्या. "म्हणजे मी त्याचा चांगला फोटो खराब केला."

"ते सोडा. त्याच्यामुळे मामांची नोकरी चालली आहे. खोलीही." आणि मी त्यांना काठीपासून रविवारपर्यंत सगळं सांगितलं.

हसू संपलं. "आणि हा मला यातलं काही बोलला नाही," त्या म्हणाल्या. "सभा किती वाजता?"

"अकराला. माझ्याकडे फोटो आहे, पण मी तो दाखवणार नाही. तुम्ही आलात तर."

"मी जिना उतरू शकत नाही."

"लिफ्ट चालू आहे आजी. ती बंदच नव्हती."

रविवारी लॉबीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मामा भिंतीशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. जिन्यामागच्या खोलीच्या दारात बोचकी दिसत होती. मामींनी सगळं बांधून ठेवलं होतं, भांड्यांसकट. वाट बघत बसायचा त्यांचा स्वभाव नाही.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. लिफ्ट वर गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन आली. आजी नाहीत.

परिपत्रक उठला. "तांत्रिक पुरावा सादर करतो," असं म्हणून त्यानं एक कागद उंच धरला. त्यावर एका माणसाचा स्वच्छ, तुकतुकीत चेहरा होता. काळ्याभोर मिशा, कपाळावर एक सुरकुती नाही. त्यानं फोनवर एक ॲप उतरवलं होतं, धुरकट चेहरे साफ करणारं. त्यात कॅमेऱ्यातला डाग घातला आणि हा बाहेर आला.

"मिशा बघा," तो म्हणाला. "मामांना मिशा आहेत."

"मामांच्या पांढऱ्या आहेत," काकू म्हणाल्या.

"तरुणपणीचे असतील."

"मंगळवारी दुपारी तरुण होते का ते?"

मला आजींसाठी वेळ काढायचा होता, आणि खरं सांगायचं तर तोंडही आवरत नव्हतं. मी परिपत्रकाचा फोन मागितला. लिफ्टच्या वर ओल आलेली आहे, चार वर्षांपासून, कमिटीच्या कृपेनं. तिचा फोटो काढला, ॲपमध्ये घातला आणि सगळ्यांना दाखवला. ओलीतून एक गृहस्थ निघाले. चष्मा, बत्तीस दात, टाय.

"हे कोणत्या फ्लॅटचे?" मी विचारलं.

"माझ्या मेव्हण्यासारखा दिसतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग त्यानं घासला असेल. त्याला नोटीस काढा." मी पायपुसण्याचा फोटो काढला. त्यातून बाई निघाली, कानात डूल घातलेली. काकूंनी फोन हातात घेऊन तिची साडी कुठली असेल यावर चर्चा सुरू केली. "या ॲपला चेहरा दिसत नाही," मी म्हटलं, "ते चेहरा करतं. त्यानं जन्मात पाहिलेल्या चेहऱ्यांतून एक उचलतं आणि डागाला डकवतं. तुम्ही डाग दिल्यावर मामा दिसले, कारण तुम्हाला मामाच बघायचे होते."

चेअरमन तापले. "मग तुमच्या मशिननं काय काढलं ते दाखवा. फुकट गप्पा नकोत."

माझ्या खिशात वॉकरच्या फोटोचं पाकीट होतं. लिफ्टचा दिवा चौथ्यावर अडकला होता. मी बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मामा माझ्याकडे बघत होते. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं ते ठरवत मी पाकिटाला हात घातला, तेवढ्यात लिफ्ट हलली, पहिल्यावर थांबली आणि खाली आली. दार उघडलं. आधी वॉकर आला.

"आई, तू कशाला..." चेअरमन उठले. "लिफ्ट बंद आहे ना."

"तू बस." आजींनी वॉकर बरोब्बर बोर्डासमोर थांबवला. "हे मी घासलंय. काळं फासलंय समजून. मामा गच्चीवर होते, मी जाताना त्यांची खुर्ची रिकामी बघितली. कोणाला आणखी काही विचारायचं आहे?"

चेअरमननी टकलावरून हात फिरवला, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तो खिशात घातला.

"ते काळं मीच लावलं होतं," मी म्हटलं. "यांच्या सांगण्यावरून. आणि तुम्ही सगळ्यांनी ते नऊ दिवस बघितलं. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी आज आपण इथे बसलो नसतो."

परिपत्रकानं खाकरून सुचवलं की संशय दूर झाल्याची नोंद करून सभा संपवावी. मामा पहिल्यांदा बोलले.

"लिहून द्या."

"लिहितोच आहे. 'संशय दूर झाला असून...'"

"ते नको. चूक झाली असं लिहा."

"कोणाची?" परिपत्रकानं पेन उचललं.

"माझी लिही," आजी म्हणाल्या.

"तुमची नाही, आजी," मामा म्हणाले. "तुम्ही घासलात. मला कागद तुम्ही दिला नव्हता."

चेअरमननी पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं. मी शेजारी जाऊन म्हटलं, माझंही नाव घाला. ते वर न बघता म्हणाले, जागा नाही.

मामांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मामींना म्हणाले, "चल, सामान लावू."

मामी बोचक्यावर बसून होत्या. "मी नाही लावणार. दोन दिवस कंबर मोडून मी बांधलं. ज्यांनी बांधायला लावलं ते सोडतील."

परिपत्रक हसला. मामी हसल्या नाहीत. आजींनी वॉकर जरा बाजूला सरकवला, मुलाला वाट करून दिली.

चेअरमन त्या खोलीच्या दारात उकिडवे बसले. पहिल्या बोचक्याची गाठ ओढली, ती आणखी घट्ट झाली. नखं लावली. मग पेन घातलं, ते वाकलं. परिपत्रक दुसऱ्या टोकानं ओढायला लागला.

"ओढू नका," मामी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आत ढकला. आधी सैल होऊ द्या तिला."